करवत मावशीकडे गेला

एका जुन्या कॉमिक्स कंपनीवरच्या मालिकेच्या चौथ्या भागात आमचे घरमालक दिसतात. जेमतेम पाऊण मिनिट. मागे निळं लोखंडी फाटक, पुढे प्लास्टिकच्या खुर्चीत काका. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, जो चित्रीकरण सोडून मी सहा वर्षांत त्यांच्या अंगावर कधी पाहिला नव्हता. खाली इंग्रजीत त्यांची ओळख येते, तिचा अर्थ 'स्थानिक रंगारी'. काका म्हणतात, "मावत नव्हता म्हून कमी केला." आणि लगेच कुणी एक प्राध्यापक पडद्यावर येऊन सांगू लागतात, की या कंपनीच्या मराठी कॉमिक्सनी भारतीय चित्रकथेत अहिंसेचा एक वेगळाच प्रवाह आणला.

तो भाग मी दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा माझा गोंधळ उडाला. प्राध्यापक ज्यांच्याबद्दल बोलत होते ते कोण, आणि मी ज्यांच्या माडीवर सहा वर्षं राहिले ते कोण? आता मी कल्याणला राहते, काकांचा अधूनमधून फोन येतो, तरी मला ते पूर्ण कळले असं मी अजूनही म्हणणार नाही. जेवढे कळले तेवढे सांगते.

भिवंडीच्या एका शाळेत मला मराठीच्या शिक्षिकेची नोकरी लागली, तेव्हा राहायला जागा शेजारच्या राहनाळ गावात मिळाली. मी कराडकडची. इथलं 'मला'ऐवजी 'मना' आणि 'नळ'ऐवजी 'नल' कानाच्या सवयीचं व्हायला वर्ष गेलं. खोली बघायला गेले त्या दिवशी घरात कुणी नव्हतं, फाटक नुसतं लोटलेलं होतं. फाटकावर काळ्या रंगात एक फुगा काढलेला होता, कॉमिक्समध्ये पात्रांच्या तोंडातून निघतो तसा, आणि आत लिहिलं होतं, "मना लाव." मी आत जाऊन फाटक लावलं. अंगणातल्या नळाच्या वर दुसरा फुगा होता: "मना आवल. रडतो मी." पाण्याच्या मोटारीच्या बटणाशेजारी: "टाकी भरली का मना इसरू नको." जिन्याच्या चौथ्या पायरीवर: "मी उंच हाय. बघून." विजेच्या मीटरजवळच्या धोक्याच्या पाटीवरची कवटी पांढऱ्या रंगानं झाकून टाकलेली होती आणि त्यावर लिहिलं होतं: "हात नको लावू. मना राग येतो."

अक्षरं इतकी सुरेख होती, की मी नळ आवळायचा सोडून ती बघत उभी राहिले. प्रत्येक फुग्याला एक शेपूट, आणि ती ज्या वस्तूचं बोलणं असेल तिच्याकडे बरोबर वळलेली.

पुढे ओळख वाढल्यावर मी एकदा धीर करून म्हणाले, "काका, तेवढं 'मना'चं 'मला' केलं तर शुद्ध होईल."

काकांनी नळाकडे बोट केलं. "नल राहनालचा हाय," ते म्हणाले. "तो 'मला' कशाला बोलल?"

शाळेत मी मुलांना दिवसभर 'न्हाय नव्हे, नाही' म्हणत असायची, आणि संध्याकाळी घरी आले की फाटक, नळ, पायरी, सगळे माझ्याशी त्याच बोलीत बोलायचे.

गावात त्यांना सगळे पेंटरकाका म्हणत. वय पंचाहत्तरच्या पुढे. बारीक, काटक, लुंगी आणि बनियन, कानामागे नेहमी एक ब्रश. मुलाची दोन गोदामं होती, त्यामुळे काकांना कामाची गरज उरली नव्हती, पण हात स्वस्थ बसत नसे. आणि लांबण लावलेलं बोलणं त्यांना सहन होत नसे. कुणी फार वेळ बोलायला लागलं, की ते बोटानं हवेत एक लंबगोल काढायचे आणि म्हणायचे, "मावत न्हाय." मुलगा असो, नगरसेवक असो, फोनवर बँकेतून बोलणारी मुलगी असो, सगळ्यांना तोच लंबगोल. मुलीला तो दिसायचा नाही, तरी काढायचे. माझं छत गळायला लागलं तेव्हा मी त्यांना कोपरा, पलंग, मुलांच्या भिजलेल्या वह्या असं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. त्यांनी लंबगोल काढला. मी थांबले, विचार केला आणि म्हणाले, "छत गळतं."

"आता मावला," काका म्हणाले आणि त्याच दुपारी डांबर घेऊन छतावर चढले.

पण माझा खरा गोंधळ वेगळ्याच गोष्टीनं झाला. आमच्या कोपऱ्यावर एक इस्त्रीवाले चाचा बसत. माझ्या चार साड्या त्यांच्याकडे होत्या. दोन दिवस टपरी बंद दिसली म्हणून मी काकांना विचारलं. म्हणाले, "चाचा गावाला गेला." मी पंधरा दिवस वाट पाहिली. शाळेचं स्नेहसंमेलन तोंडावर आलं तेव्हा चिडून चाचांच्या घरी गेले आणि त्यांच्या बायकोला जरा चढ्या आवाजातच विचारलं, "चाचा कब आयेंगे गाँव से?" त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मागे भिंतीवर चाचांचा फोटो होता, हार घातलेला.

मी घरी येऊन काकांवर चिडले. ते खाली मान घालून ब्रश पुसत राहिले. मग काकी बाहेर आल्या आणि मला आत घेऊन गेल्या.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "त्यो तसाच बोलतो. कोनी गेला का गावाला गेला बोलतो. इचारायचा आसल तर मना इचार."

पुढच्या वर्षी काका म्हणाले, "दूधवाला गावाला गेला." आता मला शहाणपण आलेलं होतं. मी पांढरी साडी नेसून, चेहरा उतरवून दूधवाल्याच्या गोठ्यावर गेले, त्याच्या भावाचं सांत्वन करायला. भावाला काही कळेना. तीन दिवसांनी दूधवाला जौनपूरहून परत आला आणि माझ्यासाठी आंब्याचं लोणचं घेऊन आला. तेव्हापासून मी कुणाच्याही जाण्याबद्दल काकींकडे जाऊन खात्री करून घ्यायला लागले.

ते असं का करतात, हेही काकींनीच सांगितलं. तरुणपणी काका पाट्या रंगवायचे. लूमच्या कारखान्यांची नावं, दुकानांची शटरं, ट्रकच्या मागची अक्षरं. गावात कुणी गेलं, की नाक्यावर श्रद्धांजलीची पाटी लागायची, तीही तेच रंगवायचे. एकदा ठाण्याच्या दवाखान्यातून निरोप आला, गावातले अमुक गेले. काकांनी पाटी रंगवली, नाक्यावर लावली. दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ रिक्षातून उतरले, जिवंत. निरोप चुकीचा होता. त्यांनी स्वतःच्या नावाची पाटी वाचली, खूप हसले, अक्षर छान आलंय म्हणाले. आणि अकराव्या दिवशी खरोखरच गेले. काकांना कुणी बोल लावला नाही. पण त्यांनी ती पाटी फोडून चुलीत घातली, आणि 'वारला', नुसतं 'गेला', असा मरणाचा शब्द पुन्हा हातानं लिहिला नाही की तोंडानं उच्चारला नाही.

मला ही गोष्ट पटली. मग काही महिन्यांनी काकींनी तीच गोष्ट शेजारणीला सांगितली, त्यात त्या गृहस्थाऐवजी एक म्हातारी होती आणि रिक्षाऐवजी बैलगाडी. मी पुन्हा गोंधळले. काकांना विचारलं तर म्हणाले, "तिला काय ठाव? ती तवा माहेरी व्हती."

एवढं सगळं असूनही, या माणसानं कधीकाळी कॉमिक्सचं काम केलंय हे मला पाच वर्षं माहीत नव्हतं. काकी कधीतरी 'पुस्तकांची कामा करायचा' म्हणत, मला वाटायचं शाळेची पुस्तकं.

ते कळलं मालिकावाल्यांमुळे. मुंबईची एक कॉमिक्स कंपनी बंद पडून पंचवीसेक वर्षं झाली होती, तिच्या इतिहासावर मालिका निघत होती. कंपनीचा उरलेला माल भिवंडीजवळ वडप्याच्या एका गोदामात पडून असल्याचं त्यांना समजलं आणि ते चित्रीकरणाला तिथे आले. गठ्ठे सोडले तर आत मराठी आवृत्त्या निघाल्या. दिग्दर्शिका श्रेया नावाची, तिशीतली, लहानपणी हिंदी आवृत्त्या वाचून पाठ केलेली. तिनं गंमत म्हणून एक मराठी अंक उघडला आणि शेवटचं पान बघून बुचकळ्यात पडली. मराठी तिला थोडंफार यायचं, पण हे तिला लागेना. गोदामातला एक मुकादम अक्षर बघून म्हणाला, "हा तर आमच्या पेंटरकाकांचा हात." अशी ती राहनाळला आली. तिचं हिंदी काकांना समजायचं, पण काकांचं बोलणं तिला समजेना. काकांनी वर माडीकडे बोट दाखवलं. "मास्तरीन बोलल."

मी खाली आले. श्रेयानं अंक माझ्या हातात दिला. वीर घनघोर! मी नुसती बघत राहिले. कराडला आमच्या वर्गात हे अंक हातोहात फिरायचे. आम्ही पोरं घनघोरची ती 'मना'वाली भाषा बोलून दाखवायचो आणि हसायचो. तो असा का बोलतो, कुठल्या गावचा आहे, कुणालाच माहीत नव्हतं.

"मॅडम, ये देखिए," श्रेया म्हणाली. तिनं हिंदी अंक शेजारी ठेवला.

चित्र तेच. घनघोरचा शत्रू प्रोफेसर करवत ज्वालामुखीच्या तोंडात पडतोय. हिंदीत घनघोर गर्जत होता, की तुझ्या पापांची हीच शिक्षा, आता मर! आणि करवत नुसता किंचाळत होता. मराठीत घनघोर म्हणत होता, "जा आता मावशीकडं. डोका शांत झाला का ये." आणि खाली लाव्हारसात पडता पडता करवत म्हणत होता, "येतो रं!"

"किसी को मरने ही नहीं दिया है," श्रेया म्हणाली. "तीस अंक देखे मैंने. कोई मौसी के घर गया, कोई ससुराल, कोई गाँव. ये किसने किया?"

मी काकांकडे पाहिलं. काका ब्रश धूत होते.

काम कसं चालायचं ते त्यांनी सांगितलं. कंपनीचा एक माणूस कापडाच्या कामासाठी भिवंडीत आला होता, त्यानं एका ट्रकच्या मागची अक्षरं पाहिली आणि विचारत विचारत राहनाळला आला. मग दर महिन्याला एक लिफाफा यायला लागला. त्यात रिकाम्या फुग्यांची चित्रं आणि टाइप केलेला मराठी मजकूर. काकांनी तो मजकूर फुग्यांत लिहायचा आणि लिफाफा परत पाठवायचा. मजकुराच्या वर भाषांतर करणाऱ्या गृहस्थांचं नाव असायचं. काकांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते त्यांना 'कागदवाले मास्तर' म्हणत.

"मग तुम्ही मजकूर बदललात?" मी विचारलं.

"मी काय न्हाय केला. मावत नव्हता म्हून कमी केला."

मी हे श्रेयाला हिंदीत सांगितलं. तिनं थोडा विचार केला. "पर अंकल, 'मर' तो छोटा है. 'मौसी के पास जा, दिमाग ठंडा हुआ तो आ', ये तो कितना लंबा है!"

मी काकांना सांगितलं. काकांनी श्रेयाकडे कौतुकानं पाहिलं. "पोरगी हुशार हाय," ते म्हणाले, आणि जेवायला आत गेले.

त्यानंतर श्रेया कॅमेरा घेऊन चार वेळा आली आणि प्रत्येक वेळी तिला वेगळं कारण मिळालं. एकदा काका म्हणाले, कंपनीच्या शेटनी सांगितलं होतं की वाईट माणसं जपून वापर, पुढच्या अंकात लागतील. एकदा म्हणाले, कागदवाल्या मास्तरांनीच तसं लिहून पाठवलं होतं. एकदा म्हणाले, पोरं वाचतात, पोरांना झोप लागली पाहिजे. चौथ्यांदा म्हणाले, मला आठवत नाही, मी नव्हतोच, मी तेव्हा गावाला गेलो होतो. यावर श्रेया घाबरून माझ्याकडे बघायला लागली, कारण 'गावाला'चा अर्थ मी तिला आदल्याच दिवशी समजावला होता. काकींची पाटीची गोष्टही तिनं टिपून घेतली. या वेळी त्यात गृहस्थही होते आणि म्हातारीही.

"मॅडम, सच क्या है?" तिनं मला विचारलं. मी पाच वर्षं त्यांच्या घरात राहत होते. मला सांगता आलं नाही.

दरम्यान एक वेगळीच अडचण उभी राहिली. भाषांतर करणारे गृहस्थ श्रेयाला ठाण्यात सापडले. वय ऐंशीच्या घरात, आयुष्यभर भाषांतरं केलेली. त्यांनी कॅमेऱ्यासमोर सांगितलं, की त्यांनी मूळ मजकुराशी एका शब्दाचीही फारकत घेतली नव्हती, जे काही झालं ते कुणा अर्धशिक्षित रंगाऱ्यानं केलं, त्यानं भाषेचं वाटोळं केलं. हे ऐकून काकांचा मुलगा माझ्याकडे माडीवर आला.

"मॅडम, बाबांचं हसं करतील हे लोक," तो म्हणाला. "साऱ्या दुनियेसमोर. नातवंडांना शाळेत चिडवतील. तुम्ही त्या पोरीला सांगा, आम्हाला नको म्हणून."

त्याचं खोटं नव्हतं. मी श्रेयाला फोन केला. ती म्हणाली, "उन्हें खुद आना है. कागजवाले सर को. कह रहे हैं, उस आदमी से मिलना है." आणि मग म्हणाली, "दो चिट्ठियों की फोटो भेज रही हूँ. हिंदी कर दीजिए, प्लीज. सर ने दी हैं. पर अंकल को अभी मत बताइए."

दोन्ही पत्रं मी त्याच संध्याकाळी वाचली. कंपनीच्या पत्त्यावर आलेली, तिथून भाषांतरकारांकडे गेलेली. दोन्ही एकाच बाईंची, खानदेशातल्या एका लहान गावातून. पहिल्यात लिहिलं होतं, की त्यांची आठ वर्षांची मुलगी मंदा दोन महिने दवाखान्यात आहे. घनघोरचा अंक तिच्या उशाशी असतो. ती विचारते, करवतची मावशी कुठल्या गावाला राहते, तिथे डॉक्टर आहेत का, आणि तो परत कधी येणार. साहेबांनी दोन ओळी लिहून कळवावं. दुसरं पत्र चारच ओळींचं होतं. मंदा गेली. आपलं उत्तर पोचलं होतं. करवत पुढच्या दिवाळीला येईल असं आपण लिहिलं, ते तिला वाचून दाखवलं होतं. आपले उपकार आहेत.

मी ती हिंदी करायला बसले. 'गेली' या शब्दापाशी माझा पेन बराच वेळ थांबला.

भाषांतरकार रविवारी सकाळी आले. पांढरा सदरा, हातात काठी, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी फाटकावरचं "मना लाव" वाचलं, भुवया उंचावल्या, आणि मागे वळून फाटक नीट लावलं. ओट्यावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. काकांना मुलानं पुन्हा तोच पांढरा शर्ट घालायला लावला होता. श्रेयानं कॅमेरा सुरू केला. रस्त्यानं कंटेनर गेला की तिला थांबावं लागायचं, मग सगळे गप्प बसून राहायचे आणि पुन्हा सुरू.

"या मास्तर," काका म्हणाले. "कागद लई चांगला टाइप करायचा तुमी. एक खाडाखोड न्हाय."

"तुम्ही माझं एक वाक्य जागेवर ठेवलं नाहीत," भाषांतरकार म्हणाले.

"ठेवला ना. 'सावधान' ठेवला. सगलीकडं ठेवला."

श्रेयाचा कॅमेरामन हसला. भाषांतरकार हसले नाहीत. त्यांनी पिशवीतून जुना अंक काढला, शेवटचं पान उघडलं आणि काकांसमोर धरलं.

"हे कुणाचं?"

"तुमचा. वर तुमचा नाव छापलाय."

"हे माझं नाही. मी असं लिहूच शकलो नसतो." त्यांचा आवाज एकदम चढला. "मी मूळ अंक समोर ठेवून ओळ न् ओळ उतरवत होतो. छापून आल्यावर बघतही नव्हतो, पोटापाण्याचं काम होतं. पहिल्यांदा पाहिलं ते पत्र आल्यावर. कंपनीला तक्रार लिहायला बसलो होतो मी. तुमचं काम गेलं असतं."

"मंग?"

भाषांतरकार गप्प झाले. कंटेनर जात नव्हता, तरी गप्प झाले.

"नाही लिहिली," ते म्हणाले. "त्या पत्राला उत्तर लिहिलं. माझ्या नावानं. तुमच्या गोष्टीचं पुढचं काय ते मी माझ्या नावानं लिहिलं. आणि नंतरही कधी तक्रार केली नाही. दर महिन्याला मी 'मर' लिहून पाठवायचो, आणि तुम्ही काय करणार ते मला माहीत असायचं." त्यांनी पिशवीतून दोन पत्रं काढली. "त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर मी तुम्हाला वाटेल ते बोललो. ते चुकलं. ही पत्रं तुमची आहेत. तुम्हाला आली होती."

काकांनी हात पुढे केला नाही. "माजा चष्मा न्हाय," ते म्हणाले. चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. "मास्तरीन, तू वाच."

मी पत्रं घेतली. पहिलं मोठ्यानं वाचलं. काका खाली जमिनीकडे बघत ऐकत होते. मावशीच्या गावात डॉक्टर आहेत का, या ओळीला दारात उभ्या असलेल्या काकींनी 'गो बाय माजे' म्हटलं. मी वाचून संपवलं, घडी घातली. दुसरं पत्र माझ्या हातात होतं. ते मी उघडलं नाही. श्रेयाकडे पाहिलं, ती कॅमेऱ्याच्या मागे होती, तिचा चेहरा दिसत नव्हता. या माणसासमोर 'गेली' हा शब्द वाचायचा, की नाही वाचायचा? पत्र त्यांचं आहे. खरं काय झालं ते कळण्याचा हक्क त्यांचा आहे. आणि इतक्या वर्षांत ज्यांनी तसा शब्द तोंडातून काढला नाही, त्यांच्या ओट्यावर बसून तो मी काढायचा? माझं काही ठरेना.

"मंग?" काकांनी विचारलं. "त्या पोरीचा काय झाला?"

मी घडी उलगडायला घेतली.

"बरी झाली ती," भाषांतरकार म्हणाले.

मी थांबले.

"हो. बरी झाली," ते म्हणाले. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. "घरी गेली. दुसरं पत्र त्याचंच आहे. आभाराचं. मग शिकली बिकली. मोठी झाली. लग्न झालं तिचं. नाशिकला असते. मुलं आहेत, दोन... दोन मुलगे." त्यांनी श्रेयाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पत्राकडे. कपाळावर घाम आला होता. "नाही, एक मुलगा, एक मुलगी."

मी पत्राची घडी पुन्हा घातली.

"बरा झाला," काका म्हणाले. "लई बरा झाला."

श्रेयानं कॅमेरा बंद केला. नंतर तिनं मला सांगितलं, की हे चित्रीकरण ती वापरणार नाही. आणि नाहीच वापरलं. भाषांतरकारांची ती आधीची मुलाखतही त्यांच्या सांगण्यावरून काढून टाकली. म्हणून मालिकेत काका पाऊण मिनिटच आहेत, आणि बाकीचं प्राध्यापक सांगतात. मुलाला हायसं वाटलं.

त्या दिवशी काकींनी भाषांतरकारांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. दोघं म्हातारे शेजारी शेजारी जेवले आणि टाइपरायटरची फीत कुठली चांगली यावर बोलत राहिले. गाडी आली तेव्हा भाषांतरकार उठले आणि "बराय, येतो," म्हणाले. काका त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले. दोघं तिथे बराच वेळ उभे होते, पण काय बोलले ते ऐकू आलं नाही. काकांनी लंबगोल मात्र काढला नाही.

गाडी गेल्यावर ते परत आले आणि माझ्यापुढे हात केला. मी दोन्ही पत्रं त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी खिशातला चष्मा काढला नाही, पत्रं उघडली नाहीत. शर्टाचं वरचं बटण सोडून ती आत बनियनमध्ये सरकवली.

"नाव काय लिवलाय पोरीचा? मंदा?"

"हो, मंदा."

त्यांनी शर्टाचं बटण लावलं.

"मास्तर चांगला मानूस हाय," ते म्हणाले. "पन गावाला धाडायची सवय न्हाय त्याला."